सूचिपर्णी वृक्ष : बीजसंकलन व रोपनिर्मिती

चीड, देवदार, मोरपंखी यांसारख्या शंकुधारी वृक्षांचे बी गोळा करून त्यापासून रोपे वाढवणे. हे वृक्ष प्रकटबीज वनस्पतींत मोडतात. त्यांना खरी फुले-फळे येत नाहीत, बी शंकूच्या खवल्यांवर तयार होते. महाराष्ट्रात एकही सूचिपर्णी वृक्ष निसर्गतः उगवत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तसा भासतो, त्याची फळेही इवल्या शंकूंसारखी दिसतात, पण तो सपुष्प वनस्पती आहे.

नवशिक्याची पहिली चूक बी गोळा करतानाच होते. सिमला, मनाली किंवा नैनितालहून येताना पुष्कळ जण झाडाखाली पडलेले सुंदर, उमललेले शंकू आणतात. ते शोकेसमध्ये शोभतात, पण त्यांतले पंखवाले बी बहुधा केव्हाच वाऱ्यावर गेलेले असते. बी हवे तर शंकू पक्व, तरीही मिटलेला असायला हवा. चिडाचे शंकू दोन वर्षांनी पिकतात आणि उन्हाळ्याच्या तापाने उघडतात. म्हणून ते हिवाळ्याच्या अखेरीस काढून कागदावर उन्हात पसरतात. काही दिवसांत खवले सुटू लागतात आणि शंकू हलवला की बी खाली पडते. देवदाराची रीत निराळी. त्याचा पिंपाच्या आकाराचा शंकू फांदीवर ताठ उभा असतो आणि झाडावरच सुटा होऊन विखुरतो. बाजारात मिळणारे ‘लाकडी गुलाब’ म्हणजे त्याच शंकूचे शेंडे, त्यांत बी शोधणे व्यर्थ. राखीव वनातून बी काढण्यास वनखात्याची परवानगी लागते. झाडावर काही शंकू राखणेही तितकेच गरजेचे आहे. किन्नौरमधील चिलगोज्याचे बी खाण्यासाठी इतके काढले जाते की जंगलात नवी रोपे फारशी दिसत नाहीत.

देवदाराचे बी तेलकट असते, त्यामुळे त्याची उगवणशक्ती लवकर घटते. पेरण्यापूर्वी ते ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. यास शीतोपचार म्हणतात. बियाला हिवाळा सरल्याचा भास होतो आणि ते एकसारखे उगवते. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात पार्वतीने पुत्रवत वाढवलेला देवदार येतो. तिच्या हातच्या पाण्यावर तो वाढला, पण महाराष्ट्राच्या सपाटीवर नुसत्या पाण्याने भागत नाही, कारण या झाडाला थंडी लागते. त्यामुळे इथल्या नवशिक्याने सुरुवात मोरपंखीपासून करावी. ती बागेतच सापडते. आकडेदार खवल्यांचे तिचे निळसर शंकू तपकिरी होऊन फाकू लागले की बिनपंखी बी काढून लगेच पेरता येते. दुसरा क्रमांक चिडाचा. तो हिमालयाच्या पायथ्यापर्यंत उतरतो, उष्णता सोसतो आणि त्याला शीतोपचार लागत नाही. चोवीस तास पाण्यात भिजवून तळाशी बसलेले बी पेरावे.

कुंडी खोल असावी, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जाते. भरड वाळू व कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण वापरावे, शेणखत नको. बियाच्या जाडीइतक्याच खोलीवर पेरणी पुरते. दोन-चार आठवड्यांत वाकलेला कोंब वर येतो. त्याच्या टोकावर बियाचे टरफल टोपीसारखे अडकलेले असते. ते ओढून काढू नये, आतली बीजदले मोडतात. टोपी आपोआप गळली की चीड-देवदाराची सुईसारखी अनेक बीजदले छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरतात. ज्याने हे एकदा पाहिले, तो पुन्हा पेरल्याशिवाय राहत नाही.

याच टप्प्यावर सर्वाधिक रोपे दगावतात. ओल साचली की बुरशीमुळे देठ मातीलगत बारीक होते आणि रोप कोलमडते. मोकळी हवा, सकाळचे पाणी आणि वरच्या थराला सुकायला वेळ हाच उपाय. चिडाच्या मुळांना सहजीवी बुरशीची साथ लागते. जुन्या चिडाखालची मूठभर माती कुंडीत मिसळल्यास ती मिळते. वर्षभर निरोगी राहूनही रोप पिवळे पडून खुरटले, तर बहुधा हीच उणीव असते.

रोपे एक-दोन वर्षे कुंडीत वाढवून पावसाळ्याच्या सुरुवातीस, पाणी न साचणाऱ्या जागी लावावीत. प्रत्येक कुंडीवर जातीचे नाव, बी आणल्याचे ठिकाण व तारीख लिहावी. चिडाची पहिली पाने निळसर व एकेकटी असतात, तीन-तीन सुयांचे ओळखीचे झुबके नंतर येतात. तोपर्यंत रोपाची ओळख त्या चिठ्ठीवरच अवलंबून असते.