फार्नेसॉइड एक्स ग्राही

यकृत व आतड्यातील पेशींच्या केंद्रकात पित्ताम्लांची पातळी ओळखून जनुकांचे कार्य बदलणारे प्रथिन. १९९५ मध्ये ते फार्नेसॉल या संयुगाच्या संदर्भात वर्णिले गेले व त्यावरून हे नाव पडले. पित्ताम्लेच त्याला नैसर्गिकरीत्या उद्दीपित करतात हे १९९९ मध्ये दिसले, नाव मात्र जुनेच राहिले. पित्ताम्ले वाढताच हा ग्राही कोलेस्टेरॉलपासून होणारी त्यांची निर्मिती रोखतो व यकृतपेशींतून त्यांचे उत्सर्जन वाढवतो (पहा : पित्त). म्हणून पित्त तुंबण्याच्या रोगांत या ग्राहीला महत्त्व आहे; प्राथमिक पित्तनलिकाशोथ या यकृतरोगात सूक्ष्म पित्तनलिका नष्ट होऊन पित्त तुंबते. त्यामुळे इजा झालेल्या यकृतात ताराकार पेशी कोलॅजन साठवतात व तंतुमयता येते (पहा : यकृतकाठिण्य). या ग्राहीला उद्दीपित करणाऱ्या ओबेटिकोलिक अम्ल या औषधाला प्राथमिक पित्तनलिकाशोथासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. यकृतास गंभीर इजा आढळल्याने २०२१ मध्ये प्रगत यकृतकाठिण्यात त्याच्या वापरावर निर्बंध आले.