बटणावर हात कोणाचा?

आमच्या घरचा धंदा आवाज भाड्याने द्यायचा. पानशेतच्या पुराआधी दोन वर्षं वडिलांनी नारायण पेठेत दुकान काढलं. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक माईक, तबकड्या वाजवायचं यंत्र आणि हे सगळं सायकलच्या कॅरिअरला बांधायची सुतळी, एवढंच भांडवल. पुढे दुकान मी चालवलं आणि शेवटी मीच बंद केलं. शेजारच्या लग्नाने, सत्यनारायणाने, गणपतीने ज्या पुणेकरांची झोप उडाली, त्यांच्या शिव्याशापांतला थोडा वाटा आमच्या खात्यावर नक्की जमा असेल. म्हणून ‘हल्ली आवाज फार वाढलाय’ असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. आवाज वाढला हे खरंच. पण तो वाढत असताना आणखी एक गोष्ट झाली आणि ती धंद्यातल्या माणसालाच दिसते. आवाजाजवळ बसणारा माणूस उठून गेला.

हे नीट कळायचं तर लाउडस्पीकरच्याही मागे जावं लागतं. पेशवाईत मोठा आवाज ही सरकारची मिरास होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे, तिथून नौबत झडायची. रात्री तोफ व्हायची आणि तोफेनंतर रस्त्यात सापडलेल्याला कोतवालाची माणसं धरून नेत. शांतता सक्तीची होती आणि ती कुणाच्या हुकमाने आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

१८९३-९४ मध्ये गणपती घरातून चौकात आला. पहिला सार्वजनिक गणपती भाऊसाहेब रंगारींनी बसवला की टिळकांनी, या वादात मी पडत नाही. आमची गिऱ्हाइकं दोन्ही बाजूंची होती. पण गणपतीबरोबर मेळे आले आणि मेळ्यांबरोबर वाद्यं. सप्टेंबर १८९४ मध्ये तात्यासाहेब नातूंचा मेळा दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजतगाजत निघाला आणि दंगल झाली. आदल्याच वर्षी मुंबईत मोठा दंगा होऊन गेला होता, त्यामुळे सरकार आधीच सावध होतं. कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी, कोणाच्या दारावरून वाजवत जायचं, हा आता सरकारी प्रश्न झाला. आवाज किती मोठा होता, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही. बिनविजेच्या वाद्यांचा आवाज, आजच्या मानाने काहीच नव्हे. कोण वाजवतंय आणि कोणाच्या दारात, एवढाच प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतरही कायद्याची नजर तशीच राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, कलम ३८ आहे. गाण्याने, वाद्याने वा गोंगाटाने लोकांना त्रास होतोय अशी खात्री पटली तर तो थांबवायचा हुकूम पोलिसांना देता येतो. त्यात आकडा नाही. त्रास झाला की नाही, हे माणसाने माणसाकडे बघून ठरवायचं.

आमचा धंदा उभा राहिला तो या काळात. ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी, एका बाजूला एकच गाणं, तेही तीन-सव्वातीन मिनिटांचं. पोलादी पिन सारखी बदलावी लागे, नाहीतर खरखर सुरू व्हायची. म्हणजे यंत्राजवळ कुणीतरी सतत बसलेलं असणं भाग होतं. गाणं संपलं की बाहू उचल, तबकडी उलट, पिन टेकव. तो पोरगा चहाला गेला तर चौक आपोआप शांत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटून पाणी दुकानात शिरलं. लाखेच्या तबकडीचं पाण्याने फार बिघडत नाही, पण मधला कागद निघून जातो. वडिलांनी त्या घंगाळात धुऊन ओळीने वाळत ठेवल्या. पुढे कित्येक दिवस पिन टेकवल्याशिवाय कुठलं गाणं लागणार ते कळायचं नाही. एका मुंजीत भिक्षावळीच्या वेळी नेमकं विरहगीत लागलं आणि यजमानांनी भाड्यातून दोन रुपये कापून घेतले.

कर्णा बांधायलाही अक्कल लागायची. वडील बांबूवर चढण्याआधी चौकशी करायचे: आजारी कोण आहे, परीक्षेला कोण बसलंय, बाळंतीण कुठल्या खोलीत? मग त्या घराकडे कर्ण्याची पाठ करायचे. कर्ण्याचा आवाज तोंडासमोर जातो, पाठीमागे बराच कमी पडतो. त्यामुळे पाठ करणं हा खरोखरचा उपाय होता. तरीही आवाज चढलाच तर माडीवरून हाक यायची, ‘अरे बंड्या, बास कर आता!’ बंड्याला नाव होतं, बंड्याच्या आईला ओळखणारं कुणीतरी त्याच वाड्यात होतं, आणि बटण बंड्याच्या हातात होतं.

पण त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. माडीवरच्या आजोबांचं ऐकलं जायचं, कारण ते घरमालक होते. बिऱ्हाडकरू, रात्रपाळी करून आलेला कामगार, एकटी राहणारी बाई यांनी हाक मारली असती तर बंड्याने आवाज दोन घरं वाढवलाच असता. मंडळाशी वाकडं घेतलं की नळावरचं बोलणं बंद व्हायचं, पोरांना खेळायला घेत नसत. असे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ओळखीवर चालणारा न्याय ओळख असणाऱ्यांचाच असतो. आणि तक्रार करणाऱ्याचा छळ ही काही पुणेरी खासियत नव्हे. संगणकाचा आद्य कल्पक म्हणतात तो चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये रस्त्यावरच्या बाजेवाल्यांच्या पाठी हात धुऊन लागला. १८६४ साली त्यांच्याविरुद्ध कायदाही झाला. त्यावर शेजाऱ्यांनी काय करावं? मुद्दाम वाजंत्री बोलावून त्याच्या घराजवळ वाजवायला लावली.

सत्तरच्या पुढे गोष्टी पालटत गेल्या. आधी मोठी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटांची. मग कॅसेट, अर्धा तास एका बाजूला. पोरगा चहा पिऊन, पान खाऊन, एखादा डाव टाकून परत यायला लागला. सीडी आणि पेनड्राइव्ह आल्यावर तर परत यायचीही गरज उरली नाही. रात्रभराची गाणी ओळीने भरून ठेवलेली. ज्याच्या हातात बटण होतं तो घरी जाऊन झोपला, गाणं चालूच राहिलं.

त्याच सुमारास कर्ण्याची जागा बेसच्या पेट्यांनी घेतली. लोक ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतात ती ट्रकवरची भिंत. आमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर तीसचाळीस वॉटमध्ये लग्न निभावायचं. इथे हिशोब हजारांत. पण खरा फरक वॉटचा नाही. पन्नास हर्ट्झचा ठोका घ्या. त्याची हवेतली लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला वाड्याची भिंत नीट अडवत नाही, आणि पेटीची पाठ केली तरी ती मागे येतेच. खिडकीच्या काचा, फडताळातली भांडी, छातीचा पिंजरा, सगळ्यांपर्यंत ती पोचते. वडिलांची पाठ फिरवायची विद्या एका फटक्यात निकालात निघाली. माणसंही बदलली. ट्रक बाहेरगावचा, ऑपरेटर बाहेरगावचा, पैसे आगाऊ दिलेले. त्याला माडीवरून हाक मारणार कुठल्या नावाने? मी त्या पेट्या घेतल्या नाहीत, आणि धंदा बसला तो तेव्हाच.

कायदाही नेमका या वळणावर बदलला. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आणले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय अशा शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकतं, ही तरतूद मागाहून, २००२ साली आली. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला. त्या याचिकेच्या मुळाशी एक बातमी होती: तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारी मोठ्याने वाजणाऱ्या गाण्यांमुळे तिचा आक्रोश कुणालाच ऐकू गेला नाही. आमच्या धंद्यात ती बातमी वाचून कुणी सुन्न झालं नसेल तर तो माणूस नव्हे.

या नियमाची किंमत पुण्याने वेगळ्या ठिकाणीही मोजली. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चालायचा. रमणबागेच्या मैदानावर घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेली पिढी अजून हयात आहे. दहाचा काटा आला आणि उत्तररात्रीचे राग रात्रीतून उठले. मला त्याचं वाईट वाटतं. पण भीमसेनांच्या तोडीला सूट आणि कोपऱ्यावरच्या डॉल्बीला दंड, असा नियम लिहिला असता तर कोणाचं गाणं हे गाणं, हे पुन्हा आजोबांनीच ठरवलं असतं.

आकड्याने बिऱ्हाडकरूला घरमालकाच्या बरोबरीला आणलं, हे त्याचं मोठं पुण्य. उणं आहे ते मोजण्यात. नियमातला डेसिबल ‘ए’ पट्टीवर मोजतात. ती पट्टी माणसाच्या कानासारखी, म्हणजे खालच्या सुरांना फार कमी वजन देणारी. छातीत धडधडणारा ठोका यंत्रावर मवाळ दिसतो. शिवाय शिपाई यंत्र घेऊन येईपर्यंत बटण खाली, तो कोपऱ्यावर वळला की वर. इतकं असूनही विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मोजणी झाली की आकडे लपत नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं वर्षानुवर्षं ही मोजणी करतात. करोनाच्या २०२० साली सरासरी साठीच्या घरात उतरली होती, २०२२ साली ती शंभराच्या वर गेली.

डॉल्बीला उतारा म्हणून ढोल-ताशा आला, असं मंडळी अभिमानाने सांगतात. ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांनी मुलांना शिस्तीत ढोल वाजवायला शिकवलं आणि ढोलामागे निदान एक माणूस उभा असतो, हे मला मान्य. पण एका पथकात दोनदोनशे ढोल झाले की बंड्या पुन्हा गर्दीत हरवतो. २०२४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पथकात तीसच माणसं असा दंडक घातला, आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पेठेत पेढे वाटले गेले. खिडक्या-दारं लावून बसलेले म्हातारेही त्याच पेठेतले.

आता भांडण पेठेपुरतं उरलेलं नाही. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंत नदीकाठच्या डीपी रस्त्यावर लग्नाची लॉन्स, कोरेगाव पार्क-कल्याणीनगरकडे गच्चीवरची हॉटेलं, बाणेर-वाकडच्या सोसायट्यांत क्लबहाउसचे वाढदिवस. वाजवणारे आणि ऐकणारे एकमेकांना ओळखत नाहीत, ओळखायची इच्छाही नाही. ११२ ला फोन करायचा आणि वाट बघायची. तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली बजावलं, जानेवारी २०२५ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. ज्या एकट्या बाईला हाक मारायची सोय नव्हती, तिला ही सोय झाली.

माझं म्हणणं एवढंच, की कायद्याने अर्धं काम केलंय. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. त्या परवानगीवर बटणाशी बसणाऱ्या ऑपरेटरचं नाव आणि फोन नंबर घालावा, तो मांडवाच्या, लॉनच्या दारात ठळक अक्षरांत लावावा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो माणूस जागेवर हवा अशी अट असावी. बेसच्या पेट्यांसाठी निराळी पट्टी लावून मोजावं. तक्रारदाराचं नाव झाकलेलं, वाजवणाऱ्याचं उघडं. सध्या बऱ्याच ठिकाणी याच्या नेमकं उलट चालतं: खिडकीतून ओरडणारा साऱ्या सोसायटीला पाठ असतो, आणि वाजवणारा कोण हे पोलिसांनाही शोधावं लागतं.