मानमंदिराची यंत्रे आणि ताऱ्यांचे बदलते तेज



वाराणसीला गेलात, तर दशाश्वमेध घाटाजवळच्या मानमंदिराच्या गच्चीवर अवश्य जा. आमेरच्या राजा मानसिंगाने बांधलेल्या या वाड्यावर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधयंत्रे उभारली. सम्राट यंत्र, दक्षिणोत्तर भित्ती यंत्र, चक्र यंत्र व दिगंश यंत्र ही त्यांतली प्रमुख होत. ती पाहताना एक प्रश्न मनात ठेवा: यांपैकी ताऱ्याचे तेज मोजणारे यंत्र कोणते? उत्तर आहे, एकही नाही. असे का, आणि तेजाचा इतिहास मग कोठून सुरू झाला, हे या पाठात पाहू.

स्थानाची दुरुस्ती, तेजाचा वारसा

पंचांग, ग्रहणे आणि ग्रहगती यांसाठी खस्थ पदार्थांची अचूक स्थाने लागतात. जयसिंगाची यंत्रे याच प्रश्नासाठी होती. त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथातील तारकासूची समरकंदच्या उलुग बेगच्या पंधराव्या शतकातील सूचीवर आधारलेली आहे. मधल्या काळातील संपातचलन धरून ताऱ्यांच्या भोगात ४ अंश ८ कला मिळवल्या गेल्या. संपातचलनाचा परिणाम सर्व ताऱ्यांच्या भोगावर सारखाच होतो. म्हणून एका बेरजेने अख्खी सूची अद्ययावत करता येते.

तेजासाठी अशी बेरीज नसते. उलुग बेगच्या सूचीतील तेजाच्या प्रती बहुतांशी अल-सूफीच्या दहाव्या शतकातील ग्रंथावरून आल्या होत्या. म्हणजे स्थाने दुरुस्त होत गेली, तेज मात्र वारशाने पुढे आले. तारा मंद झाला की तेजस्वी, हे कळायला प्रत्येक ताऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. तारे अचल आहेत असे गृहीत धरले, तर तशी गरजच वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात वाराणसीच्या संस्कृत कॉलेजात मराठी गणिती बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) शिकवत होते. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले आणि मानमंदिरातील यंत्रांचे वर्णनही लिहिले. त्यांचा आग्रह होता तो पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळावे असा. हा प्रश्नही स्थानाचाच होता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक काळ आपल्याला लागणारी मोजमापे घेतो.

मद्रासमधील दोन नोंदी

तेजाचा प्रश्न युरोपात आधी उभा राहिला. १५९६ मध्ये फाब्रिसियसने तिमिंगल समूहातील मीरा या ताऱ्याचे तेज बदलताना पाहिले. १७८३ मध्ये तरुण गुडरिकने ययाति समूहातील अल्गॉल ठरावीक काळाने मंद होतो, हे मांडले. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सनने प्रतींना गणिती रूप दिले: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पटींचा फरक.

हाच पॉग्सन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत आला. २० मे १८६३ रोजी त्याला वृश्चिक समूहात एक नवा तारा दिसला. तो लवकरच मावळला. आज आपण त्याला ‘यू स्कॉर्पी’ म्हणतो. १८६७ मध्ये त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी जालक समूहातील ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा शोधला.

यू स्कॉर्पीची पुढची कथा महत्त्वाची आहे. १९०६ आणि १९३६ मधले त्याचे स्फोट त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाहीत. ते नंतर हार्वर्डच्या जुन्या छायाचित्र-काचा तपासताना सापडले. पुढे १९७९, १९८७, १९९९, २०१० व २०२२ मध्ये तो उजळलेला दिसला. म्हणजे तो साधारण दहा वर्षांनी उजळतो. मग १८६३ ते १९०६ या काळातही त्याचे काही स्फोट झाले असणार. त्यांची नोंद नाही, आणि ते आता परत पाहताही येणार नाहीत. स्थान गणिताने मागे नेता येते. नवताऱ्याचे तेज नेता येत नाही. या शास्त्रात रोजच्या नोंदवहीला एवढे मोल आहे ते यामुळेच.

तुमच्यासाठी काम

पद्धत सोपी आहे. ज्यांच्या प्रती ठाऊक आहेत असे दोन शेजारी तारे घ्या, एक ४.० प्रतीचा व दुसरा ४.६ प्रतीचा. तुमचा तारा पहिल्यापेक्षा मंद, दुसऱ्यापेक्षा तेजस्वी आणि पहिल्याच्या दुप्पट जवळचा वाटला, तर त्याची प्रत ४.२. सोबत तारीख व वेळ लिहा. अशा नोंदी आलेखावर मांडल्या की प्रकाशवक्र तयार होतो. २०१० मधला यू स्कॉर्पीचा स्फोट प्रथम टिपला तो अमेरिकेतील दोन हौशी निरीक्षकांनी.

हिवाळ्यात अल्गॉल पाहा. तो २ दिवस २१ तासांच्या आसपास एकदा २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि काही तासांत पूर्ववत होतो. साध्या डोळ्यांना हा फरक दिसतो. हा बदल मानमंदिराच्या गच्चीवरूनही दिसत होताच. त्यासाठी नवे यंत्र नको होते. शेजारच्या ताऱ्याशी तुलना करून ती तारखेसह लिहून ठेवणे पुरेसे होते.

विचार करा: यू स्कॉर्पी स्फोटात १८ व्या प्रतीवरून ८ व्या प्रतीपर्यंत चढला, तर त्याचे तेज किती पटींनी वाढले?