काजूचं माहेर आणि आपले हात

काजू आपल्या कोकणात, गोव्यात इतका रुळलाय की तो परका वाटतच नाही. पण त्याचं माहेर ब्राझील. तिथले तुपी लोक त्याला ‘अकाजू’ म्हणत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात झाडही आणलं आणि नावही. त्यांच्यातल्याच एका वैद्याने, क्रिस्तोव्हाव द कोस्टाने, १५७८ सालच्या पुस्तकात काजूची नोंद केली आहे.

तुपी लोक बी भाजून खात आणि बोंडाच्या रसाची दारू करत. बोंडात ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. घसा धरतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. आपल्याकडे मात्र ढीगभर बोंडं झाडाखाली कुजतात, हे आम्हाला फार खटकतं.

आता टरफल. त्यातल्या तेलात मुख्यतः अनाकार्डिक आम्ल असतं, त्यानेच कातडी भाजते. आपला बिब्बा याच कुळातला. युरोपातले औषधवाले पूर्वी बिब्ब्यालाच ‘अनाकार्डियम’ म्हणत. १७५३ मध्ये लिनियसने ते नाव काजूला दिलं. आजी भेगांवर बिब्बा लावायची, तसं हे तेल चामखिळीवर लावत आले आहेत. तुम्ही लावू नका, आजूबाजूची चांगली कातडीही जळते.

काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख चोळतात. तेवढ्याने भागत नाही. गटाने काजूचं काम घेतलं, तर हातमोज्यांचा खर्च पहिल्याच हिशेबात लिहा, मजुरीच्या आधी.