समुद्रपुष्पाची ‘आजी’

समुद्रपुष्प हे नावाने फूल असले, तरी जातीने प्राणी होय. त्याच्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य पकडण्याचे विषारी हात. भरतीच्या पाण्यात ते उमलते. ओहोटी लागली की मिटते, आणि खडकावर मांसाचा ओला गोळा तेवढा चिकटलेला राहतो. हा जीव घरात जगविण्याची विद्या माणसास कशी साधली, तेवढेच आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय दिसावयास हौसेचा आहे. परंतु दुसऱ्या जिवाचे पालकत्व पत्करणे म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

1828 च्या ऑगस्टमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून एक समुद्रपुष्प एडिंबरो येथे घरी आणिले. त्यांच्यापाशी ना यंत्र होते, ना मोठा हौद. एक साधी काचेची बरणी, नियमाने आणविलेले समुद्राचे ताजे पाणी आणि अधूनमधून शिंपल्यातील मांसाचा तुकडा, एवढाच संसार. पाणी बदलण्याचे कारण उघड आहे. समुद्रपुष्पास तोंड आणि गुद असे दोन मार्ग नसतात. न पचलेले अन्न ते तोंडावाटेच बाहेर टाकते. ते कुजले की लहानशा भांड्यातील पाणी विषारी होण्यास वेळ लागत नाही. म्हणून पुष्कळ खाऊ घालणे ही येथे माया नव्हे, घात होय.

दुसरी अडचण प्राणवायूची. 1846 साली ॲना थिन या बाईंनी समुद्रपुष्पांचेच सोयरे असलेले काही जिवंत प्रवाळ टॉर्कीहून लंडनला नेले. ताजे पाणी तेथे सहज मिळेना. तेव्हा उघड्या खिडकीपाशी बसून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचे काम त्यांच्या मोलकरणीस रोज करावे लागे. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रशैवाल ठेविले, आणि वनस्पतीने सोडलेला प्राणवायू प्राण्यांच्या उपयोगी पडू लागला. या शोधाचा इतिहास लिहिताना मोलकरणीच्या त्या दुखऱ्या हातांचीही आठवण ठेविली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

काचेवरील कर 1845 मध्ये उठला होता, आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. 1854 साली फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक निघाले, आणि घरोघरी समुद्र मांडण्याची लाट उसळली. लोक छिन्नी-हातोडे घेऊन खडकांवर तुटून पडले. घरी नेलेले जीव अज्ञानापायी मेले की पुन्हा नवे आणावयाचे! गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ते उजाड झालेले किनारे आणि त्यांमुळे वडिलांस झालेले दुःख नमूद केले आहे. ज्याने प्रेमाने वाट दाखविली, त्याच्याच वाटेने विध्वंस आला.

या गर्दीत डॅलियेल यांची बरणी मात्र शांतपणे चालली होती. 1851 साली ते वारले. समुद्रपुष्प प्राध्यापक फ्लेमिंग यांच्याकडे गेले. 1857 मध्ये तेही वारले. मग डॉक्टर मॅकबेन यांनी ते सांभाळिले, आणि शेवटी ते एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आले. लोक त्यास ‘आजी’ म्हणत. बरणीत तिने शेकडो पिल्लांस जन्म दिला. 4 ऑगस्ट 1887 रोजी ती मरण पावली. बंदिवासाची एकोणसाठ वर्षे!

ही जात मुळात भरती-ओहोटीचे हाल सोसणारी, काटक, हे खरे. उष्ण समुद्रातील पुष्कळ समुद्रपुष्पांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्यास भरपूर प्रकाश लागतो. ती अशा बरणीत टिकती ना. परंतु काटक जातीची तीच समुद्रपुष्पे इतर घरांतही होती, आणि ती मेली. अंतर पडले ते नियमात. एका पालकाचे हात थकले, तेव्हा दुसऱ्याने पाणी बदलण्याचे काम विनातक्रार उचलिले. जीव घरी आणण्यास एक दुपार पुरते. तो जगविण्यास, आजीच्या बाबतीत, माणसांच्या पिढ्या लागल्या. किनाऱ्यावरील फुलास हात घालण्यापूर्वी हा हिशेब आपण करावा, एवढेच आमचे मागणे आहे.