तळटीप : गॅलिलिओची उतरती फळी

* उतरती फळी : लेखकाने येथे या प्रयोगाचा ओझरता उल्लेख केला आहे, म्हणून थोडा खुलासा. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूची गती त्या काळच्या साधनांनी मोजणे अशक्यप्राय होते. उतारावर तीच गती संथ होते. १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओ सांगतो, की सुमारे १२ हात लांब तुळईला खाच पाडून, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावून त्याने काशाची गोळी सोडली. वेळेसाठी तो भांड्याच्या बुडातून बारीक धारेने पडणारे पाणी पेल्यात धरी आणि तराजूत तोली. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याला शंभरदा पडताळून दिसले. इतक्या ओबडधोबड साधनांनी हे जमले असेल यावर इतिहासकार अलेक्झांडर कोयरे यांचा विश्वास नव्हता. १९६१ मध्ये थॉमस सेटल यांनी तसाच प्रयोग करून ते जमते हे दाखवले.

प्रयोगशाळेत हाच प्रयोग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. घरंगळणारी गोळी स्वतःभोवतीही फिरते, आणि काही ऊर्जा त्यात जाते. त्यामुळे भरीव गोळीचे त्वरण घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ च भरते; खाचेत त्याहून थोडे कमी. हे हिशेबात न धरल्यास गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ७ च्या आसपास येते. विद्यार्थ्यांनी अशा वेळी जर्नलमधले आकडे खोडू नयेत. ते आकडे बरोबर असतात. – संपादक