लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी: गोंदिया परिसराच्या निमित्ताने

मराठीतून काम करणाऱ्या माणसाला डेस्कटॉप लिनक्सवर आजवर ज्या अडचणी आल्या, त्यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ १९९१ या वर्षाशी जाऊन पोचते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा असलेल्या आपल्या नव्या कर्नलची वर्दी दिली. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक ठरले आणि ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. लिनक्स आणि देवनागरीची जागतिक संहिता अशी एका वयाची. तरी दोघांची गाठ पडायला दहा-बारा वर्षे लागली, आणि तोवर महाराष्ट्रातली कार्यालये, छापखाने आणि टायपिंगच्या संस्था तिसऱ्याच वाटेने बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या.

ती वाट फॉन्टची होती. संगणकात इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे: एका जागी काना, दुसरीकडे अर्धा त, तिसरीकडे रफार. पडद्यावर मराठी दिसे. आत मात्र इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ साठवलेली असे. श्री-लिपी, आकृती, किरण, शिवाजी, कृतीदेव, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या प्रोग्रामबरोबर येणारे फॉन्ट, प्रत्येकाची वाटणी वेगळी. फॉन्ट हजर असेल तोवर काही बिघडत नसे.

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, तो नेमका या व्यवस्थेच्या भरात. जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला आजचे छत्तीसगड. बोलण्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी. सीमेपलीकडच्या कार्यालयांत कृतीदेवचा जोर होता, तर महाराष्ट्रात श्री-लिपी आणि आयएसएमचा. एका टोकाची फाइल दुसऱ्या टोकाला उघडली की तिचा चिखल होणे ठरलेलेच. ही अडचण लिनक्सने आणलेली नाही. पण लिनक्सवर यांतला एकही फॉन्ट आधीपासून नसे, त्यामुळे दोष लिनक्सच्या माथी बसला.

त्या काळात मोठ्या शहरांबाहेर लिनक्स इंटरनेटवरून नव्हे, सीडीवरून येई. ‘पीसीक्वेस्ट’ हे मासिक १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी देऊ लागले होते. पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्स-वितरणाच्या सीडी टपालाने जगभर फुकट मिळत. सीडी हातात आल्यावर पहिली अडचण मोडेमची. स्वस्त संगणकांत बसवलेले मोडेम अर्धेमुर्धेच यंत्र असे; उरलेले काम विंडोजमधला प्रोग्राम करी. लिनक्ससाठी तो प्रोग्राम नसे. असला तर इंटरनेटवरून उतरवावा लागे, आणि इंटरनेटसाठी मोडेम हवा. नवख्याची गाडी बहुधा याच वळणावर अडून पडे.

दुसरी अडचण विजेची. लिनक्सची जुनी ईएक्सटी-टू ही फाइलव्यवस्था अचानक वीज गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासायला बसे. काही वेळा मध्येच थांबून वापरणाऱ्याला हाताने आज्ञा द्यायला लावी. आपण काहीतरी मोडले, अशीच नवख्याची समजूत होई. नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी-थ्री मूळ कर्नलमध्ये आली. ती बदलांची आधी रोजनाम्यात नोंद करते, त्यामुळे ती तपासणी क्षणांवर आली. महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या वर्षांत ही सुधारणा कोणत्याही सुंदर आयकॉनपेक्षा मोलाची ठरली. (गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्यातला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला; फाइलव्यवस्था त्याच्या कितीतरी आधी सुधारली होती.)

अक्षरांचे काम सावकाश झाले. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर; डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. रफार उच्चारात आधी येतो आणि पडद्यावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही उलटापालट करणारा प्रोग्राम संगणकात नसेल तर मोकळी वेलांटी, पाय मोडलेली अक्षरे आणि ठिपक्यांची वर्तुळे दिसतात. जून २००२ मधल्या नोम २.० या डेस्कटॉपबरोबर पँगो हे मजकूर जुळवणारे साधन डेस्कटॉपवर रुळले. मुंबईत २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स गटाने भारतीय भाषांची बाजू लावून धरली आणि २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले. तेव्हापासून लिनक्सवर मराठी वाचता येऊ लागली. नीटनेटकी मात्र अजून नव्हती.

मराठीच्या गरजा हिंदीच्या सावलीत राहिल्या, हे त्याचे कारण. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द. दुसऱ्यातला र आडवा, पापणीसारखा. त्यासाठी संहितेत ‘ऱ’ ची सोय होती, पण फॉन्ट आणि कळफलक दोघांनीही ती पाळली तरच उपयोग. ‘अॅ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली. ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवून दिले, तरी भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला सांगितल्याशिवाय बरेच फॉन्ट हिंदी वळणच दाखवत. शिवाय मजकूर जुळवण्याची पद्धत प्रत्येक प्रोग्रामची निराळी असल्याने एकच ओळ ब्राउझरमध्ये बरोबर आणि लेखनाच्या प्रोग्राममध्ये चुकीची दिसे. हार्फबझ हे साधन हळूहळू सगळीकडे वापरात आले, तेव्हा हा घोळ मिटला. लिबरऑफिस या कार्यालयीन प्रोग्रामसंचाने लिनक्सवर ते २०१३ मध्ये स्वीकारले.

टंकलेखनाचा प्रश्न वेगळ्या स्वभावाचा होता. शासनाचा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ पासून आहे आणि तो लिनक्समध्ये बऱ्याच आधी आला. पण टायपिंगच्या परीक्षा देऊन आलेली बोटे रेमिंग्टन टंकयंत्राच्या ठेवणीला सरावलेली होती. त्यांच्यासाठी नवी जागा म्हणजे नवी लिपीच. आयबस आणि एम१७एन या टंकलेखन-साधनांच्या जोडीने रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी पद्धती शेजारी शेजारी आणून ठेवल्या. आजही नवख्याने पहिल्या दिवशी उघडावे ते सेटिंग हेच.

यंत्रांच्या अडचणी दरम्यान रूप बदलत राहिल्या. २००८ नंतर घरोघरी आलेले यूएसबी डेटाकार्ड लिनक्सला लावले की ते स्वतःला सीडी म्हणवून घेई, कारण विंडोजचा प्रोग्राम त्यातच भरलेला असे. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाची छोटी आज्ञावली त्याला मोडेम व्हायला भाग पाडी. कार्यालये आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर प्रचलित मुद्रणभाषा न समजता स्वतःचीच भाषा बोले, म्हणून त्याचा वेगळा ड्रायव्हर बसवणे हे कंटाळवाणे काम होऊन बसले. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्याला घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसे. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स तिला जागतिक वेळ समजते. फरक बरोबर भारतीय वेळेएवढा. एका आज्ञेने तो मिटतो. विंडोज ८ पासून आणखी एक भर पडली: ‘बंद’ केलेले विंडोज पुरते बंद होत नाही, आणि त्याच्या डिस्कवर लिनक्सला लिहिता येत नाही. जलद सुरुवातीची सोय काढून टाकणे हा त्यावरचा सरळ उपाय.

सरकारी पातळीवर सी-डॅकने जानेवारी २००७ मध्ये डेबियन या लिनक्स-वितरणावर आधारलेले बॉस लिनक्स आणले. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैरात येथील शाळेत मुलांना लिनक्सवर चालणारे एक्सओ नावाचे लॅपटॉप मिळाले. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे पाठ मराठी आवाजात तयार केले. इंग्रजीतल्या मदतीवर अडलेल्यांना यांतला सर्वांत थेट उपयोग याचाच. केंद्राने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले, पण टेबलावरच्या संगणकांत त्याने फारसा फरक पडला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यावर मात्र जुन्या संगणकांचे काय करायचे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे, आणि नव्या नवख्यांची एक पिढी त्यातून येते आहे.

या पिढीला भेटणारी अडचण जुनीच आहे, पण सौम्य. मंगल फॉन्टमध्ये बांधलेले पत्र लिनक्सवर उघडले की ओळी आणि पाने सरकतात, कारण मंगल विंडोजबरोबर येतो आणि त्याच्या जागी लोहित किंवा नोटो हा मुक्त फॉन्ट बसतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट दोन्हीकडे बसवता येतात. पत्र त्यांत बांधले तर पाने सरकत नाहीत.

गोंडीची कथा याहून उशिराची. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी रचली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली २०१७ च्या १०.० आवृत्तीत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. आदिलाबादकडची गुंजाळा गोंडी पुढच्याच वर्षी आली. दोन्हींसाठी नोटोचे मुक्त फॉन्ट आहेत. ते बसवले नसतील तर सालेकसा तालुक्यातल्या कचारगड या गोंड यात्रेचा या लिप्यांतला मजकूर पडद्यावर नुसत्या चौकटींची रांग म्हणून दिसतो. चौकटी दिसल्या म्हणजे फाइल बिघडली असे नाही, फॉन्ट कमी आहे, एवढेच.

फॉन्टच्या जमान्यातल्या जुन्या फाइलींना हा दिलासा लागू नाही. जुना फॉन्ट लिनक्समध्ये टाकला की त्या वाचता येतात, छापताही येतात. शोधता येत नाहीत, आणि दुसऱ्याकडे पाठवल्या की पुन्हा चिखल. त्या एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण रूपांतर करणारे प्रोग्राम हमखास तिथेच चुकतात.